‘टॅक्स भरणाऱ्यालाच मत’ : वऱ्हाडाने हे तीस वर्षं भोगून झालंय

दर्यापूर तालुक्यातल्या एका विहारात आम्ही महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग घेतो. २०२४ च्या लोकसभेसाठी अमरावती आणि अकोल्यात २६ एप्रिलला मतदान झालं. त्याच्या आधीच्या रविवारी वर्गात संविधान, आरक्षण, ईव्हीएम असे नेहमीचे विषय निघाले. मग मागच्या सतरंजीवरून एक पोरगा उठला. बी. कॉम. झालेला, अमरावतीत एका खाजगी कंपनीत कामाला. म्हणाला, “भाऊ, खरं सांगू? जो टॅक्स भरते त्यालेच मत पायजे. फुकटचं राशन खाते, पाचशे रुपयात मत इकते, न देश त्यायच्याच हातात!”

हा कुणी शाखेतला पोरगा नव्हता. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याची आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. त्याच्या बोलण्यावर चार-पाच माना हलल्या, म्हणजे व्हॉट्सअपवरचा तो मेसेज त्या सगळ्यांपर्यंत पोचलेला होता. आम्ही त्या दिवशी कलम ३२६ सांगितलं, बाबासाहेबांचं नाव घेतलं आणि पोरगा खाली बसला. पण त्याला पटलेलं नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. नाव घेऊन गप्प करणं आणि पटवून देणं यातला फरक चळवळीत आपण फार लवकर विसरतो. त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते इथे मांडतो आहोत.

‘कर भरणाऱ्यालाच मत’ ही कल्पना नवी नाही. आपल्याच वऱ्हाडात, आपल्याच पणजोबांवर ती तीस वर्षं राबवून झालेली आहे.

१९१९ च्या सुधारणांनंतर १९२० साली पहिल्यांदा दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीसाठी थेट निवडणूक झाली. आजच्या लोकसभेची ती आजी म्हणा. मतदार कोण? जो ठरावीक रकमेच्या वर शेतसारा भरतो, इन्कम टॅक्स भरतो किंवा ठरावीक किमतीच्या घराचा मालक आहे तो. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या चोवीस कोटींच्या घरात होती आणि असेंब्लीचे मतदार होते नऊ लाखांच्या आसपास. वरच्या सभागृहाचे तर सतरा हजारांच्या थोडे वर. प्रांतांच्या कौन्सिलांसाठी अट सैल होती, तरी शेजारच्या मुंबई इलाख्यात बहुतेक जिल्ह्यांत खेड्यातल्या माणसाला मतासाठी ३२ रुपये साऱ्याची जमीन लागायची. ३२ रुपये सारा म्हणजे त्या काळी चांगलीच जमीन.

वऱ्हाडाची गत आणखी चमत्कारिक होती. १८५३ साली निजामाने कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे दिला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून तो कायमचा त्यांच्या ताब्यात गेला आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. कागदावर मालकी निजामाचीच. म्हणून वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदालाही सरकारने पुन्हा ‘नेमावं’ लागायचं, तेव्हा तो कौन्सिलात बसायचा. पण वसुलीत मात्र कुणालाच अडचण वाटत नव्हती. खामगाव, अकोला, अमरावतीच्या कापसावर रेल्वे चालत होती, जिन-प्रेस चालत होते, सरकारी तिजोरी भरत होती आणि निजामाचा खंडही त्यातूनच जात होता.

वऱ्हाडात पद्धत रयतवारी होती, म्हणजे सारा थेट खातेदाराकडून. त्यामुळे सरकारी दप्तरात कर भरणारा कोण, तर ज्याच्या नावावर शेत तो. पण तो सारा ज्या कापसातून निघायचा, तो कापूस निंदला कुणी, वेचला कुणी? महार, मांग, कोळी, कुणबी बायांच्या हातांनी. आपली बहुतेक माणसं एक तर भूमिहीन किंवा दुसऱ्याचं वावर कसणारी. सातबारावर नाव नाही म्हणून सारा नाही, सारा नाही म्हणून मत नाही. जातीने जमीन नाकारायची आणि कायद्याने जमीन नाही म्हणून मत नाकारायचं.

हे सगळ्यात आधी स्वच्छ मांडलं ते बाबासाहेबांनी. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत साउथबरो कमिटीपुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय २७. त्यांचा मुद्दा असा होता की अस्पृश्यांकडे मालमत्ता नाही ती त्यांच्या आळसामुळे नाही, त्यांना धंदाच करू दिला जात नाही म्हणून नाही. मग मालमत्तेची अट घालणं म्हणजे अस्पृश्यतेलाच मतदार यादीत बसवणं. आणि मताधिकार ही कर भरल्याची पावती नव्हे, ज्या समाजात आपण राहतो तिथे कोणत्या अटींवर राहायचं हे ठरवण्यातला तो आपला वाटा आहे. पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकारच मागितला.

आता त्या पोराचा मूळ प्रश्न घेऊ. गरीब माणूस कर भरत नव्हता का?

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली की मचूळ पाणी लागतं, हे सांगायला नको. या पाण्यापासून इथे जुन्या काळी मीठ काढत. इंग्रजांनी ते बंद केलं. म्हणजे पायाखाली मीठ आणि विकत घ्यायचं तेही मीठच, वर त्यावर सरकारचा कर. म्हणूनच १९३० मध्ये समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या आपल्या भागातही मिठाचा सत्याग्रह होऊ शकला, अकोल्याजवळ दहीहंड्याला, खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर.

मिठावरचा कर भूमिहीन महार भरत होता, त्याची बायको भरत होती, भाकरीसोबत मीठ-मिरची खाणारं प्रत्येक तोंड भरत होतं. उलट सावकाराच्या ताटात मीठ काही दहापट पडत नव्हतं. कमाईच्या मानाने पाहिलं तर हा कर गरिबावर सगळ्यात जड होता. पण मतदार यादी करताना या कराची पावती कुणी मागितली नाही, कारण मिठाची पावती कुणाला मिळतच नव्हती. दुकानात चुकवलेला कर दिसत नाही, म्हणून तो भरणारा माणूसही दिसत नाही. आमच्या मते सगळी गोम इथे आहे.

याच मिठाच्या कराने १९२३ ची राष्ट्रीय निवडणूक तापवली. त्या वर्षी सरकारने हा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये, म्हणजे सरळ दुप्पट केला. असेंब्लीने नकार दिला, तर व्हाइसरॉय रीडिंगने विशेषाधिकार वापरून तो लादला. वर्षाच्या शेवटी निवडणुका आल्या आणि स्वराज्य पक्षाच्या हाती आयतं कोलीत लागलं. दिल्लीत तो सर्वांत मोठा पक्ष झाला. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तर कौन्सिलात त्याला स्पष्ट बहुमत मिळालं, जे दुसऱ्या कुठल्याच प्रांतात मिळालं नाही. इथल्या स्वराज्यवाद्यांनी मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून टाकला होता! आणि १९२४ मध्ये मिठाचा कर खरोखरच परत सव्वा रुपयावर आला.

करावरून निवडणूक फिरते याचं हे ठळक उदाहरण आहे. पण मत कुणी दिलं? सारा आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनी, म्हणजे मोठे खातेदार, सावकार, जिनवाले, वकील. मिठाचा कर ज्याला चिमटा काढत होता तो बाहेर उभा होता. गरिबाच्या दुःखावर निवडणूक लढली गेली आणि जिंकून आलेल्यांनी पुढे काय केलं? १९२५ मध्ये अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे, स्वराज्य पक्षाचे कौन्सिलाचे अध्यक्ष, सरकारच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले आणि पक्ष फुटला. तांब्यांवर आमचा वैयक्तिक राग नाही. पण ज्याच्या नावाने मत मागितलं त्याच्याकडे मतच नसेल, तर त्याला उत्तर द्यायची गरज कुणालाच पडत नाही.

बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात गेले, तेही निवडून नाही, नामनियुक्त होऊन. २४ फेब्रुवारी १९२७ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी एक साधी तुलना केली. इन्कम टॅक्सला खालची मर्यादा आहे. ठरावीक रकमेच्या आत कमाई असेल किंवा वर्षभर कमाईच नसेल तर तो कर लागत नाही. पण शेतसाऱ्याला अशी मर्यादा नाही. एक एकरवाला असो की शंभर एकरवाला, पीक येवो की बुडो, सारा द्यायचाच. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा तो काळ. अमरावतीची ती परिषद आपल्याला पाठ आहे, दरवर्षी तिच्यावर भाषणं होतात. त्याच वर्षीचं अर्थसंकल्पाचं भाषण मात्र आपल्यातल्या किती जणांनी वाचलं आहे? आम्ही स्वतः एम. ए. होईपर्यंत वाचलेलं नव्हतं, हे कबूल करतो.

१९३५ च्या कायद्याने अटी खाली आल्या. मुंबई इलाख्यात ३२ रुपये साऱ्याची अट ८ वर आली. पुणे करारानंतर अनुसूचित जातींसाठी काही जास्तीच्या पात्रता घातल्या गेल्या. त्यातली मध्यप्रांत-वऱ्हाडातली एक वाचून आम्हाला हसावं की रडावं कळेना. गावकीच्या चाकरीवर असलेला महार, कोतवाल, जागल्या हे मतदार होऊ शकत होते! म्हणजे ज्या गावकीच्या बेड्या तोडा म्हणून बाबासाहेब कंठशोष करत होते, त्याच बेडीवर मताचा शिक्का. मेलेलं ढोर ओढणाऱ्याला मत आणि ते काम सोडून जिनमध्ये रोजीला गेलेल्याला मत नाही. बायांना मत मिळालं ते बहुतेक नवऱ्याच्या पात्रतेवरून.

आणि दिल्लीच्या असेंब्लीचं काय? तिथे १९४५ पर्यंत १९१९ चाच मालमत्तेचा मताधिकार चालला. संविधान सभा ज्या प्रांतिक विधानसभांनी निवडली, त्यांना १९४६ मध्ये मत देणारे प्रौढ लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते. बाबासाहेबांना मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडलांच्या जोरावर बंगालमधून जावं लागलं. ही ‘कर भरणाऱ्यांच्या लोकशाहीची’ फळं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार नोंदले गेले आणि निंदायला जाणाऱ्या बाईचं नाव पहिल्यांदा यादीत आलं. तिच्याकडे सातबारा आहे का, हे कुणी विचारलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. १९५१ च्या निवडणुकीसाठी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा बाबासाहेबांनी लिहिला. त्यात सरकारचं उत्पन्न वाढवायचे मार्ग सांगितले आहेत : लष्करावरचा खर्च कमी करा, दारूबंदी उठवा, विम्याचं राष्ट्रीयीकरण करा, आणि १९४७ मध्ये रद्द झालेला मिठाचा कर पुन्हा बसवा! बसला ना धक्का? आम्हालाही बसला होता. पण १९५४ च्या राज्यसभेतल्या भाषणात त्यांनी त्याचा उलगडा केला आहे. मिठावर थोडा कर बसवून गांधींच्या नावाने निधी करा आणि त्यातून अस्पृश्यांना पडीक जमिनींवर वसवा. म्हणजे त्यांच्या लेखी कर हा शत्रू नव्हता. कर कुणाकडून घेता हा निम्मा प्रश्न, कुणावर खर्च करता हा उरलेला निम्मा. आणि दोन्ही प्रश्न त्यांनी निवडणुकीच्या जाहीरनाम्यात, रकमेसकट मतदारापुढे ठेवले. ‘टॅक्स कमी करू’ एवढीच आरोळी ठोकणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसवू नका. (मिठाच्या कराबद्दल त्यांच्याशी वाद घालता येईल. आम्ही घालू.)

आता आजच्या वऱ्हाडाकडे येऊ. कराचं आणि निवडणुकीचं नातं बघायचं तर सोयाबीन-कापसापेक्षा चांगला धडा नाही. २०२४ च्या लोकसभेत विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या, अमरावतीही गेली. संविधानाचा मुद्दा होता, तसा सोयाबीन-कापसाच्या भावाचाही होता. विधानसभा तोंडावर असताना, १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून एकदम २० टक्के केलं. सोयाबीनला भाव मिळावा हे कारण सांगितलं. नोव्हेंबरात प्रचार आला. एकाने सहा हजार भाव कबूल केला, दुसऱ्याने सात हजार, आणि बाजारात सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाच्याही खाली विकत होतं. मग ३० मे २०२५ ला, जवळ निवडणूक नसताना, तेच शुल्क अर्ध्यावर आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क शून्य केलं, ऐन हंगामाच्या तोंडावर. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. कर कधी वाढतो, कधी उतरतो आणि कुणासाठी, हे कॅलेंडरच सांगतं.

‘पोट जळलं की सरकार पडतं’ असं सोपं गणित मात्र मांडू नका. भाव पडलेला असतानाच नोव्हेंबरात महायुती प्रचंड बहुमताने आली. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात दिसत होते, सोयाबीनमधला तोटा विभागून गेलेला होता. दिसणारा पैसा मत घेतो, न दिसणारा कर मत घेत नाही. मिठाच्या वेळची गोष्ट ती हीच.

आणि न दिसणारा कर आजही आपणच भरतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. रासायनिक खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८. कापड दुकानदार आपण भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून तो नोंदणीकृत नाही, म्हणून त्याला वजावट नाही. औषधाच्या डब्यावरचे अठरा टक्के त्याच्याच अंगावर राहतात आणि त्यातून मजुरीवर ओढ बसते. दुसरीकडे १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स उरला नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी केलेली तुलना एक शब्द बदलून आज वाचता येते : इन्कम टॅक्सला खालची मर्यादा आहे, जीएसटीला नाही.

आपल्याबद्दलही बोलू. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. त्यातले दोन आपल्या वऱ्हाडातले : अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई. असं बळ या मातीत होतं. पण गेल्या तीन निवडणुकांत आम्ही स्वतः ज्या प्रचारात फिरलो, तिथे स्टेजवरून कराबद्दल एक वाक्य आम्ही ऐकलं नाही, आणि आम्हीही बोललो नाही. विदेशात जाऊन सार्वजनिक वित्तावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाची आपण लेकरं. पुतळा, स्मारक, ऐक्य यांवर रात्र रात्र बैठका घेतो, आणि अर्थसंकल्पाचा दिवस कोणता हे आपल्या तालुका कार्यकर्त्याला माहीत नसतं.

त्या पोराला आम्ही पुढच्या महिन्यात परत गाठलं. विचारलं, “तुझा पगार किती?” म्हणाला, “अठरा हजार.” मग तू इन्कम टॅक्स भरतोस का? “कापते ना भाऊ, दोनशे रुपये.” पगाराची चिठ्ठी बघितली. तो व्यवसाय कर होता. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये बसवला, रोजगार हमीसाठी पैसा उभारायला. ज्या ‘फुकट्यां’वर तो चिडला होता त्यांच्या मजुरीसाठी! म्हणजे त्याच्याच नियमाने त्याचं मत गेलं असतं, आणि त्याच्या आईचं तर आधीच.

मग त्याच्या काकांकडचं कृषी केंद्राचं बिल मागवलं. तीन एकर ठेक्याने केलेलं वावर. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के. त्याने मोबाइलवर बेरीज केली. हंगामातली अशी चार बिलं निघाली, चारही जोडली. आकडा त्याच्या वर्षभराच्या व्यवसाय कराच्या पुढे गेला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मंग भाऊ, हे आपल्या जाहीरनाम्यात काहून नसते?”

पुढच्या वर्गाला १९२७ चं भाषण वाचायचं ठरलं आहे. येताना प्रत्येकाने घरातली महिनाभराची बिलं आणावीत, किराण्याची, खताची, औषधाची, मोबाइल रिचार्जची. ज्यांना बिल मिळत नाही त्यांनी सामानाची यादी करून आणावी.